साहेबाची टीम

सोमवार, ३ मार्च

दादाने विचारलं नाही. सांगितलं! "धाकट्या, भिंगरी आजपासून साहेबाच्या टीममध्ये." मी बाकावर वाकून एका दवाखान्याचा शिक्का कोरत होतो. तोंडातून निघालं, "बरं."

बरं! हा शब्द माझ्या जिभेवर कुणी कायमचा कोरून ठेवलाय का?

झालंय असं. दादाला कुणी एक सर भेटलेत. पूर्वी पाणी गाळायची यंत्रं विकायचे, आता मुलांमधून पुढारी घडवतात. रविवारी सकाळी सभागृहात वर्ग घेतात — 'उद्याचे नेते'. दादाने मुलाला तिथे घातलंय. मुलगा नऊ वर्षांचा. घरात त्याला सगळे साहेब म्हणतात. दादानेच सुरू केलं, पोरगं पाळण्यात असताना! आणि सोळा तारखेला स्पर्धा आहे, जोडीची. एकाचे डोळे बांधायचे. दुसऱ्याने रेषेवर उभं राहून नुसत्या तोंडी हुकमांवर त्याला खुर्च्यांच्या गर्दीतून पलीकडे न्यायचं. हुकूम देणारा तो नेता. डोळे बांधलेला तो, सरांच्या भाषेत, अनुयायी.

माझी भिंगरी अनुयायी. सहा वर्षांची आहे.

"तिला काय अवघड आहे? तिला फक्त ऐकायचंय," असं दादा म्हणाला. फक्त ऐकायचंय! हे वाक्य मी कुठे ऐकलंय ते मला चांगलं आठवतं.

मंगळवार, ४ मार्च

वर्गाचा कापडी फलक दुकानाच्या दारावर लावलाय. 'नेत्रुत्व'. त ला रु! दादाला सांगितलं, त ला ऋकार हवा. "लोकांना कळतंय ना?" म्हणाला. दिवसभर ते रु माझ्या पाठीत टोचत होतं.

फलक फाटला की चूक गेली. शिक्क्यातली चूक जात नाही — जितके कागद तितक्या वेळा उमटते. म्हणून मी शिक्का हातावेगळा करण्याआधी पुन्हापुन्हा उठवून बघतो. कुलूपही पुन्हापुन्हा ओढून बघतो, ते खरं आहे. दादा गिऱ्हाइकांसमोर हसतो, की याला स्वप्नातसुद्धा वेलांट्या दिसतात. दिसतात! त्यात हसण्यासारखं काय आहे?

गुरुवार, ६ मार्च

भिंगरीच्या नडगीवर काळंनिळं झालंय. दोन्ही नडग्यांवर.

वरच्या खोलीत सराव चालतो. दादा खुर्च्या वेड्यावाकड्या मांडतो, वहिनीची ओढणी भिंगरीच्या डोळ्यांवर बांधतो. साहेब तिच्या मागे, दाराशी. दोघांची तोंडं एकाच दिशेला, म्हणजे याचं डावं ते तिचं डावं. घोटाळ्याला जागाच नाही. खाली बाकावर बसून मला सगळं छतातून ऐकू येतं. "उजवीकडे!" आणि धाडकन खुर्ची. "डावीकडे!" पुन्हा धाडकन. मग दादाचा आवाज — ऐकत का नाहीस गं?

ऐकत नाही? ती? भिंगरीला डावं-उजवं पक्कं येतं. मी स्वतः शिकवलंय, याच बाकावर. मी इकडे, ती समोर उलट्या खोक्यावर. मी हात वर करून सांगायचं, तिने तोच हात वर करायचा. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा हाच आमचा खेळ. एकदाही चुकली नाही! चुकतोय तो साहेब. पण साहेब चुकतो असं या घरात म्हणायची सोय नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

वर जाऊन हे सांगणार होतो. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेलोही. वरून दादाने विचारलं, काय रे? म्हटलं, काही नाही, डिंक कुठे ठेवलाय?

शुक्रवार, ७ मार्च

डिंक माझ्याच खिशात होता.

शनिवार, ८ मार्च

'साहेब घडवणे' या कार्यक्रमाखाली घरात काय काय चालू आहे ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी नाश्त्याला साहेब हजेरी घेतो. माझीसुद्धा! आज कुठली भाजी, ते साहेब ठरवतो. वहिनी हो म्हणते आणि घरात असेल ती करते. साहेबाने 'माहीत नाही' म्हणायचं नाही, नेता असं म्हणत नाही. साहेबाने चुकलं तरी कारण सांगायचं नाही, नेता कारणं देत नाही. आरशासमोर उभं राहून पोटातून आवाज काढायचा. पोटातून! पोरगं कण्हल्यासारखं करतं आणि दादा दारात टाळ्या वाजवतो.

त्या पोराला आधी बुटाची नाडी बांधायला शिकवा. तीही आमची भिंगरी बांधून देते.

आम्हा दोघा भावांनाही अप्पांनी असंच घडवलं होतं. फक्त तेव्हा वर्ग नव्हते. मी आठवीत होतो. अप्पांनी एका सकाळी आम्हाला समोर उभं केलं आणि म्हणाले, "दुकानाला तोंड एकच असतं." तोंड म्हणजे दादा. तो शिकणार, गिऱ्हाइकांशी बोलणार. आणि मी? "तुला काय अवघड आहे? तुला फक्त ऐकायचंय." माझं दप्तर त्यांनी बाकाखाली सरकवलं आणि हातात ब्लेड दिलं. शुद्धलेखनात मला कधी पूर्ण गुण चुकले नव्हते. मास्तर घरी येऊन गेले. अप्पा म्हणाले, अहो, घरात दोन पुढारी झाले तर घर फुटतं.

फुटलं नाही. मी वाकलो.

राग अप्पांचा नाही येत इतका. ते गेले. राग येतो तो बघून की तोच शिक्का दादा पुन्हा उठवतोय, नव्या कागदावर. एक पोरगं पुढारी करायचं तर दुसरं कुणीतरी मागे चालायला लागतं. ते आयतं माझ्या घरात सापडलं!

हे सगळं हिला सांगितलं. ही शिवणाच्या कारखान्यातून येऊन पाय शेकत बसली होती. म्हणाली, "तुम्ही वहीत रागावता आणि खाली जाऊन बरं म्हणता." पुढे म्हणाली, वही मुक्याने मिटते म्हणून बरी, माणसं मिटत नाहीत.

बोलून झाल्यावर स्वतःच हसली. मला हसू आलं नाही.

रविवार, ९ मार्च

वर्गाला गेलो. भिंगरीला सोडायला म्हणून, खरं तर बघायला.

सर बुटके, पायांत उंच टाचांचे बूट. शिट्टी गळ्यात. पालकांना म्हणाले, की जगात दोन प्रकारची माणसं असतात — वाट दाखवणारी आणि वाट विचारणारी. तुमचं मूल कुठलं हे आजच ठरवा. सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. सगळीच मुलं वाट दाखवायला लागली तर चालणार कोण? हा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या सुचला. विचारला नाही. शेजारच्या बाईंनी माझ्या कानात विचारलं, तुमचं मूल नेता का? मी म्हणालो, नाही, खुर्च्यांमधून जाणारं. त्या हळहळल्या. खरोखर हळहळल्या!

अनुयायी मुलांना वेगळ्या सतरंजीवर बसवलं होतं. नेत्याने 'उठा' म्हटल्याशिवाय उठायचं नाही. भिंगरी मांडी घालून, पाठ ताठ, समोर बघत. ही तीच मुलगी आहे जी बाकाखाली शिरून रबराचे तुकडे गोळा करते आणि सगळ्या दुकानभर गिरक्या घेते. म्हणून तर भिंगरी!

सोमवार, १० मार्च

आज शिंकायच्या आधी तिने साहेबाकडे बघितलं.

बुधवार, १२ मार्च

काल आणि आज वरून धाडधाड ऐकू आली नाही. आश्चर्य वाटलं म्हणून आज दाराच्या फटीतून बघितलं. बघितलं ते बरं झालं!

वाट उजवीकडे मोकळी होती. डावीकडे खुर्ची. साहेब म्हणाला, "डावीकडे." अरे गाढवा! आणि भिंगरी? ती शांतपणे उजवीकडे सरकली आणि खुर्चीच्या शेजारून पुढे गेली. पुन्हा तेच. हा "उजवीकडे" म्हणतो, ती डावीकडे जाते आणि सुखरूप निघते. ओढणीखालून बघत असेल, नाहीतर पायाने चाचपत असेल. काही असो. ती त्याचं ऐकतच नाही! स्वतःच्या अक्कलहुशारीने चालते.

मी दाराबाहेर उभा राहून अक्षरशः मूठ आवळली. शाब्बास, माझी भिंगरी! तुझ्या बापाला जे आजवर जमलं नाही ते तू डोळे बांधून केलंस.

दादा आत ओरडत होता. साहेबा, अरे काय बोलतोस तू? परवापर्यंत बरोबर सांगत होतास, आता उलटं कसं सुचतं? पोरगं गप्प. कारण द्यायचं नाही ना! घडवा आता. पोटातून आवाज काढून काय उपयोग, डोक्यातून काही निघत नसेल तर?

संध्याकाळी दोघं जिन्यात बसून कुजबुजत होती. मी गेलो तशी थांबली. भिंगरीला म्हटलं, काय चाललंय? तिने साहेबाकडे बघितलं आणि म्हणाली, काही नाही. म्हणजे आता माझ्याशी बोलायलाही त्याची परवानगी! तिला हाताला धरून वर नेलं. जरा जोरातच धरलं असावं.

शुक्रवार, १४ मार्च

दादाने प्रशस्तिपत्रांसाठी शिक्का मागितला. 'भावी नेता'. गोल, भोवती कणसाची नक्षी. त्याची खात्रीच आहे की पहिलं प्रशस्तिपत्र आपल्या घरात येणार. म्हणाला, "नीट कोर हं, साहेबाच्या नावावर उठायचाय."

कोरला. सुबक. पॅडवर टेकवून कागदावर दाबला आणि बघतो तर सगळी अक्षरं उलटी! म्हणजे मी रबरावर सरळ कोरलं होतं. शिक्क्यावर अक्षर उलटंच कोरायचं असतं, तरच कागदावर सुलटं उमटतं. हे मला झोपेतही कळतं. माझे डोळे तर असे झालेत की उलटं अक्षरच सरळ दिसतं आणि दुकानांच्या पाट्या वाचताना क्षणभर अडखळायला होतं. आणि आज हे! रागाच्या भरात कोरला, दुसरं काय.

हिने तो कागद बघितला. म्हणाली, "तुमचा राग पण उलटाच उठतो. ज्याच्यावर असतो त्याच्या अंगावर कधी पडत नाही, भलत्याच कागदावर."

दुसरा कोरला. कणसासकट.

शनिवार, १५ मार्च

ठरवलं. आज दादाला सांगायचं, भिंगरी उद्या येणार नाही. वाक्य तयार केलं: 'दादा, माझी मुलगी कुणाच्या मागे चालायला जन्माला आलेली नाही.' दोनदा म्हणून बघितलं. खाली गेलो.

दादा म्हणाला, उद्या लवकर निघायचंय.

बरं.

रविवार, १६ मार्च

आज बोललो!

क्रमाने लिहितो.

सभागृह भरलेलं. मधे खुर्च्या, काही आडव्या पाडलेल्या. आधीच्या जोड्यांमधली एक तर बघवत नव्हती — नेता मुलगी इतकी किंचाळली की डोळे बांधलेला मुलगा मधेच खाली बसला आणि रडायला लागला. सर म्हणाले, छान, आवाज छान आहे.

मग आमची जोडी. भिंगरीच्या डोळ्यांवर काळी पट्टी. साहेब तिच्या मागे रेषेवर. पोटातून आवाज काढलाच नाही त्याने! घरातल्यासारखं बोलत होता, हळू. "भिंगरे, दोन पावलं पुढे. थांब. आता डावीकडे." खुर्ची डावीकडेच होती. पहिल्या रांगेतून दादा ओरडला, "उजवीकडे! अरे उजवीकडे म्हण!" पोराने मागे वळूनही बघितलं नाही. भिंगरी उजवीकडे गेली. सुखरूप! पुढे पुन्हा तसंच. लोक हसायला लागले. हा एक बोलतो, ती दुसरंच करते. दादा उभा राहून हात हलवत होता. आणि माझी भिंगरी, एकाही खुर्चीला न शिवता, पलीकडे.

कुणालाच ते जमलं नव्हतं. कुणालाच! मागून टाळ्या सुरूसुद्धा झाल्या. सरांनी शिट्टी वाजवून थांबवल्या. निकाल सांगितला: नेत्याचे हुकूम चुकीचे, अनुयायाने एकही हुकूम पाळला नाही, जोडी बाद.

दादा मधे गेला. सगळ्यांसमोर साहेबाचा कान धरला. डावं-उजवं कळत नाही? नऊ वर्षांचा घोडा! पोरगं गप्प. कान लाल झाला तरी गप्प. मग दादा भिंगरीकडे वळला. "आणि ही. बापावर गेली आहे. सांगितलेलंही समजत नाही."

मी कधी उठलो ते मला आठवत नाही. मधे उभा होतो एवढं खरं.

"दादा, तिला बोलायचं नाही."

दादाचा कानावरचा हात सुटला. तिथेच थांबायला हवं होतं असं ही म्हणते. पण इतक्या वर्षांचं तुंबलेलं, ते कुठे थांबतं? मी साहेबाकडे वळून म्हणालो, "ती पोहोचली ती तुझ्यामुळे नाही, तुला न जुमानता पोहोचली. डोळे बांधलेल्या पोरीला तुझ्यापेक्षा जास्त दिसत होतं. तू कसला नेता?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मग भिंगरीकडे बघितलं आणि मिटलं.

भिंगरी रडायला लागली. "बाबा, नको," म्हणत होती. घाबरली असणार, मला असं कधी बघितलंच नाही तिने. तिला उचललं आणि बाहेर पडलो. सभागृहाच्या दाराला धक्का मारला तेव्हा दार माझ्याच खांद्यावर परत आलं. दुखतोय खांदा. पण बोललो! शब्द चुकला नाही, आवाज फाटला नाही.

सोमवार, १७ मार्च

दादा दुकानात गिऱ्हाइकांशी बोलतो, माझ्याशी नाही. मागण्यांचे कागद बाकावर ठेवून जातो. वहिनीने भिंगरीला नेहमीसारखी वेणी घालून दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. घर फुटलं तर फुटू दे. अप्पा, ऐकताय का? दोन तोंडं झाली दुकानाला!

ही म्हणाली, "बोललात ते बरं झालं. पण पोराला कशाला बोललात?"

पुन्हा भडकलो. पोराला का नाही? आज पोरगं आहे, उद्या हाच कुठेतरी खुर्चीवर बसेल आणि माझ्यासारख्या कुणाला 'फक्त ऐकायचंय' म्हणेल. एकदा कुणीतरी सांगायलाच हवं होतं त्याला की तुला येत नाही. ज्याला येत नाही त्याने दुसऱ्याला वाट दाखवू नये! ही सुईत दोरा ओवत राहिली.

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. नाश्त्याला आज हजेरी झाली नाही. साहेब जिन्यात बसून असतो.

बसू दे.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी दोघं शाळेला निघाली. मी दुकानाच्या दारात होतो. रस्त्याच्या कडेला साहेब थांबला. म्हणाला, "भिंगरे, डावीकडे बघ."

तिने उजवीकडे बघितलं. उजवीकडून टेम्पो येत होता. तो जाऊ दिला. मग तिचा हात धरून त्याने तिला पलीकडे नेलं.

दुपारी ती समोर खोक्यावर येऊन बसली. म्हटलं, उजवा हात वर कर. केला. बरोबर होता, नेहमीसारखा. मी उठलो, बाकाला वळसा घालून तिच्या बाजूला, तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, पुन्हा कर.

डावा.

मी समोर बसून उजवा हात वर करायचो. तीही माझ्यासमोरचाच हात वर करायची, आरशातल्यासारखा. दुसऱ्या कुणालाही तो उलटा दिसला असता.

साहेब जिन्यातच होता. विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाला, "तिच्या पायाला लागलं तेव्हापासून." मग कुणाला बोलला का नाहीस? बुटाकडे बघत म्हणाला, "तिला हसले असते ना, काका. मला काय, उलटं बोलायचं एवढंच होतं."

रविवारी सगळ्यांसमोर मी त्याला काय म्हणालो ते वर लिहिलेलं आहे. पुन्हापुन्हा वाचून बघितलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.